दोन-दोनचा चुडा

आई काट्यावर चढली की आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकायचे आणि आकडा वाचायचे. मी रेणूला कडेवर घेऊन दारात उभी असायची. त्या सकाळीही आप्पांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाले, कालच्याइतकंच आहे.

मला हायसं वाटलं. आई भिंतीला धरून खाली उतरली. सुटलेला अंबाडा बांधायला तिनं दोन्ही हात वर नेले, आणि मला काहीतरी खटकलं.

आधी कानाला खटकलं, मग डोळ्यांना. आईनं हात वर नेला की तिच्या हिरव्या बांगड्या मनगटावरून घसरत पार अर्ध्या हातापर्यंत यायच्या आणि त्यांचा एक सैल, खुळखुळता आवाज व्हायचा. लहानपणी चादरीत तोंड खुपसून पडलेलं असतानाही मला त्या आवाजावरून कळायचं, आई चुलीपाशी आहे की मोरीपाशी. त्या दिवशी बांगड्या मनगटाशीच बसून राहिल्या. आवाज आला तोही कोरडा, आखूड.

"बांगड्या बदलल्यास होय?"

"एक वाढवली गं नळाला लागून," आई म्हणाली. आमच्यात बांगडी फुटली असं कधी म्हणत नाहीत. "मग म्हटलं, सगळ्याच नव्या भराव्यात."

विचारलं मी होतं, पण ती बोलली आप्पांकडं बघून. आणि आप्पांनी काटा पायानंच कपाटाखाली सारला, एरवी दोन हातांनी जपून ठेवायचे तो.

आम्ही बार्शीचे कासार. पुढं दुकान, मागं घर. पाटीवर नाव आप्पांचं. पण माल आणायचा, खोके मांडायचे, एवढंच आप्पांचं काम. हात भरायची ती आई. गावातल्या निम्म्या बायकांचे हात तिच्या हातांखालून गेलेले. बाई रस्त्यानं येताना दिसली की ती पायरी चढायच्या आत आईनं तिच्या मापाचा खोका खाली काढलेला असायचा. थोराड हाताला अडीच, बारीक हाताला सव्वादोन, शाळकरी पोरींना त्याहूनही लहान, दोन-दोन. कुणी आपणहून माप सांगितलं तर आई ऐकायची नाही. "तुझं माप तुला काय ठाऊक, हात दे इकडं," म्हणायची, अंगठा तळव्यात मुडपून हाताची चवड, बोटांच्या मुळाशी रुंद होतो तो भाग, हलकेच दाबायची आणि बोलता बोलता बांगडी मनगटात गेलेली असायची. इंदूचा अंदाज आजवर चुकलेला नाही, असं आप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे. आई म्हणायची, गप्प बसा, दृष्ट लावाल.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला तिला धाप लागायला लागली. आडवी झाली की जास्तच. पाय सुजले. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं की हृदय थकलंय, रक्त पुढं ढकलायला कमी पडतंय, म्हणून पाणी अंगात साठतंय. आठवडाभर ठेवून घेतली, पाणी काढलं आणि घरी सोडताना आम्हाला बजावलं. मीठ नावापुरतं, पाणी मोजून, सकाळी पाण्याची गोळी, आणि रोज वजन. वजन झपाट्यानं चढलं म्हणजे पाणी साठलं असं समजायचं. पुन्हा अशी भरून आली तर यातून काढणं अवघड जाईल, असंही त्या म्हणाल्या, आईच्या देखत.

मी लातूरहून रेणूला घेऊन आले ती तेव्हाच. रेणू तेव्हा नुकती बसायला लागली होती. माझा भाऊ गिरीश पुण्यात. तो रोज संध्याकाळी फोन करायचा आणि पहिला प्रश्न वजनाचा असायचा. पुन्हा एकदा जरी पाणी भरलं, तर मी गाडी घेऊन येणार आणि तिला कायमची इकडं आणणार, दुकान बंद म्हणजे बंद, हे त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्याकडं मोठा दवाखाना जवळ होता, लिफ्ट होती, आईसाठी वेगळी खोली होती. आई एकदाच महिनाभर तिथं राहून आली होती. कसं वाटलं विचारल्यावर म्हणाली होती, "छान आहे. गॅलरीत बसून खाली बघायचं. खालून वर कुणी बघत नाही."

तर मी घरात राखणदारच झाले होते. लोणच्याची बरणी, शेंगाचटणीचा डबा, पापड, सगळं उचलून माळ्यावर टाकलं. आईची भाजी वेगळी. शेजारच्या शांतामावशी झाकलेली वाटी घेऊन आल्या तर मी दारातच झाकण उघडून बघायची. त्या एकदा म्हणाल्या, "तृप्ते, तू कासाराची की जकात नाक्याची गं?" मी हसले, पण वाटी परत पाठवली. दुकानात बसायचं नाही, हेही मीच ठरवलं होतं. दुपारी फार तर आप्पांशेजारी खुर्चीवर बसावं, वाऱ्याला. कुणाचा हात हातात घ्यायचा नाही. त्याला जोर लागतो.

सकाळी गोळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची, आणि तिनं घोट घेतलेला बघूनच वळायची.

आणि तरी त्या बांगड्या डोक्यातून जाईनात.

त्या दुपारी आई झोपलेली असताना मी तिच्या पायाशी बसले आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. कणीक तिंबताना बोट रुततं तसा. मी पातळाचा काठ परत पावलांवर ओढला. पायात पाणी होतं. मग काटा कालच्याइतकाच कसा?

पहिला संशय काट्यावर आला. मी स्वतः चढून बघितलं, मग रेणूला घेऊन चढून बघितलं. काटा बरोबर होता. मग संशय आला तो आप्पांवर. काटा तेच वाचत होते, चष्म्यातून वाकून, आणि मी दारातून त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवत होते. दुसऱ्या सकाळी मी रेणूला त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः वाकले. आकडा तोच होता. मी वर बघितलं तर दोघंही माझ्याकडं बघत होते, आणि आईच्या ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू होतं, चोराची झडती झाली आणि काही सापडलं नाही तर येतं तसलं.

"आणखी काय बघायचंय इन्स्पेक्टरबाईंना?" आई म्हणाली.

मला राग आला. पण तिच्या हातांकडं बघण्यावाचून मला राहवेना. रेणूला मांडीवर घेतलं की रेणू तिच्या बांगड्या धरून ओढायची; पूर्वी त्या तिच्या मुठीत सहज यायच्या, आता तिला पकड मिळेना, ती चिडून रडायची. आई तिला दुसरं काहीतरी दाखवायची.

मग मी आणखी गोष्टी बघायला लागले. मी खोलीत शिरले की आप्पांचं बोलणं थांबायचं. जेवायला दोघं शेजारी बसायचे. आईचं ताट नेहमी लख्ख असायचं, पण भाकरीला तिनं हात लावलेला मला आठवत नसे. मी रेणूला भरवायला पाठ वळवायची आणि तेवढ्यात भाकरी संपलेली. आणि आप्पा, जे एका भाकरीवर उठायचे, ते आताशा जेवणानंतर पोट चोळत शतपावली घालायला लागले होते.

खारवलेलं काहीतरी तिला मिळतंय, याची माझी खात्री झाली. शेंगाचटणी असणार. आई शेंगाचटणीवर जीव टाकायची. एक दिवस दोघंही पुढं दुकानात असताना मी घर हुडकायला घेतलं. देवळी, ट्रंक, फडताळ. शेवटी ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांना कागद लागला.

चटणी नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला हिरवा चुडा होता. नवा, कोरा, चांगल्यातल्या काचेचा. मी एक बांगडी बाहेर काढली. कासाराच्या लेकीला माप बघायला पट्टी लागत नाही. दोन-दोन.

पुडकं मी होतं तसं बांधलं, पण परत ठेवलं नाही. दुकानात गेले आणि आईच्या मांडीवर ठेवलं. आप्पा एकदम उठले आणि बाहेरच्या काचेवरची धूळ पुसायला लागले. बघायला गेलं तर काच स्वच्छ होती.

"हे कुणाचं?"

आईनं पुडक्यावरून हात फिरवला. घाबरली वगैरे नाही. "आहे एका नवरीचं."

"तू कामं घेतेस? माझ्या चोरून?"

"एक. तेवढंच आहे ते."

"दोन-दोनची नवरी? एवढासा हात कुणाचा आहे गावात?"

"एवढासा झालाय," आई म्हणाली. "तू नको काळजी करूस. तिला अजून वेळ आहे."

मी भांडले. गिरीशला सांगेन म्हणाले. आईनं मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि शेवटी एवढंच विचारलं की पुडकं परत कणगीत ठेवणार का, ज्वारीत काच टिकते. मी ठेवलं. पण माझ्या मनानं घेतलं की हा चुडा गादेकरांच्या किशोरीचा. गादेकर आमचं जुनं घर. त्यांच्या तीन पिढ्यांचे चुडे आमच्याच घरानं भरले होते, आणि किशोरीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं.

चुडा भरायच्या दिवशी सकाळी मी आईला गोळी दिली. तिनं ती तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला. मी वळले. काय वाटलं कोण जाणे, परत फिरून बघितलं. आई पदराच्या टोकाला गाठ मारत होती.

मी तशीच आत गेले. मला आता सगळं बघायचं होतं.

दुपारी रेणूला पाळण्यात टाकलं आणि तिच्या शेजारी डोळे मिटून पडले. थोड्या वेळानं आई दारात आली, मी झोपले का ते बघायला. तिचा श्वास मला ऐकू येत होता, शिवणाच्या जुन्या मशीनसारखा अडखळत चाललेला. मग पुढं रिक्षा थांबल्याचा आवाज आला. आप्पांचा दबका स्वर, "सावकाश. माझ्या खांद्याला धर." रिक्षा गेल्यावर मी रेणूला उचललं, पदराआड घेतलं आणि दोन गल्ल्या चालत गादेकरांच्या दारात पोचले.

ओसरीवर सतरंजी घातली होती. मी खांबाआड थांबले. आई मध्ये बसली होती, पुढ्यात किशोरी, कडेनं बायका. आणि आईच्या मागं, तिच्या पाठीला पाठ लावून आप्पा बसले होते, गुडघे उभे धरून, भिंतीकडं तोंड करून. ती रेलली की ते पुढं वाकायचे नाहीत, दगडासारखे ताठ राहायचे.

"आप्पा, लोडच झालात की," कुणी म्हणालं.

"चाळीस वर्षं झालोय," आप्पा भिंतीला म्हणाले. "आज तुम्हाला दिसलं."

बायका हसल्या. आई हसली नाही, तिला हसायला श्वास नव्हता. तिनं किशोरीचा अंगठा मुडपला, चवड दाबली. कपाळावर घाम होता. एक बांगडी गेली. आई थांबली, डोळे मिटले, पाठ आप्पांच्या पाठीवर टेकली. तेवढ्या वेळात बायका मुद्दाम आपसांत बोलत राहिल्या, हळदीचं, जावयाच्या मिश्यांचं. कुणीही आईकडं बघितलं नाही. मग आईचे डोळे उघडले आणि दुसरी बांगडी हातात आली. किशोरी कबड्डी खेळणारी पोर, तिचा हात चांगला भरदार. अडीचच्या बांगड्याही तिला दाबून घालाव्या लागत होत्या.

दोन-दोन तिच्या करंगळीत गेल्या नसत्या. तो चुडा तिचा नव्हता.

मी पुढं झाले नाही. चुडा भरून झाला. किशोरीनं वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं, जसं नवरी कासारणीच्या पायांवर ठेवते. आईनं सुजलेली पावलं पातळाखाली ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण तोवर पोरीचं कपाळ त्यांना टेकलं होतं. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा तिचं तोंड मी बघितलं. दवाखान्यातून आल्यापासून ते तसं मी बघितलं नव्हतं.

मग तिची नजर खांबाकडं आली. रेणूनं तिला ओळखून आवाज दिला होता.

परतीच्या रिक्षात मी, आई आणि मांडीवर रेणू. आप्पा पुढं रिक्षावाल्याशेजारी अर्धे बाहेर. मी आईच्या पदराचं टोक ओढलं आणि गाठ सोडली. गोळी आतच होती, थोडी विरघळलेली.

"किती दिवस चाललंय?"

"रोज नाही. ज्या दिवशी हात भरायचे असतात त्या दिवशी. बाजारादिवशी. तू दुपारी निजतेस तेव्हा." ती धापेमुळं तुटक बोलत होती. "ती गोळी घेतली की सारखं उठावं लागतं मोरीकडं. बाईचा हात धरल्यावर, अर्धा चुडा भरल्यावर, सोडून उठायचं? आमच्यात हात अर्धा टाकत नाहीत, तृप्ती. तुला ठाऊक आहे."

"आणि बांगड्या?"

तिनं रेणूच्या डोक्यावरून टोपडं सारखं केलं. "हात उतरला. अडीचच्या कोपराच्या वर जायला लागल्या. तू बघितलं असतंस."

घरी आल्यावर मी तिला पलंगावर बसवलं आणि तिचा हात माझ्या हातात घेतला. लहानपणी तिनं शिकवलं होतं तसा अंगठा मुडपला, चवडीवर बोटं ठेवली. दाबायची गरजच पडली नाही. सव्वादोनची बांगडी ओल्या साबणासारखी निसटून माझ्या तळव्यावर आली. पायात पाणी होतं, आणि हातावर मांस नव्हतं. एक चढत होतं, दुसरं उतरत होतं, आणि काटा बिचारा दोन्हींची बेरीज सांगत होता.

"भाकरी तुम्ही खात होता," मी आप्पांना म्हणाले.

आप्पा उंबऱ्यावर बसले होते. "तिला जात नाही गं. अळणी घास फिरतो तोंडात. तुला कळलं तर तू गिरीशला सांगशील. तो तिला नेईल. मी तरी काय करू?"

मी तेव्हाच त्या दोघांना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, गोळीचं, भाकरीचं, बांगड्यांचं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आईसमोर हात केला आणि म्हणाल्या, दाबा, जेवढ्या जोरात दाबता येईल तेवढं.

आईनं दाबला आणि म्हणाली, "बाई, सव्वादोन. बोडका का ठेवता हात?"

डॉक्टरबाई हसल्या, पण त्यांचे डोळे आईच्या बोटांवर होते. मग त्यांनी मला आणि आप्पांना गप्प राहायला सांगितलं आणि आईला विचारलं, तुम्हाला काय करायचंय? नुसतं बरं व्हायचंय असं सांगू नका, ते सगळेच सांगतात.

आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. इतक्या महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"दुकानात बसायचंय," ती म्हणाली. "हाताला हात लागला पाहिजे. मग जेवढे दिवस असतील तेवढे."

ती आठवडाभर पुन्हा दवाखान्यात राहिली. पाणी उतरलं आणि आम्हाला खरी आई दिसली, काट्यावर आणि डोळ्यांनाही. ती इतकी लहान झाली होती की आप्पांनी तोंड फिरवलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं की ज्या दिवशी काम असेल त्या दिवशी गोळी काम उरकल्यावर घ्या, पण चुकवायची नाही, आणि सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस बसा. चालायला, उठायला लावा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. कणीक तिनं मळायची. डाळ, मटकी, दही, थोडं थोडं, दिवसात पाच वेळा. मिठाऐवजी लिंबू, जिरं, लसूण. हृदय आहे तेवढंच राहील, ते नवं होणार नाही, हेही सांगितलं. आई म्हणाली, ठाऊक आहे.

गिरीशला मी फोनवर सगळं सांगितलं, काही न लपवता.

"तुम्ही तिघं मिळून मारणार तिला," तो म्हणाला.

रविवारी तो गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर उशा रचलेल्या होत्या. आई दवाखान्यातून नुकती आली होती. तिनं त्याला जेवू घातलं, शेजारी बसवलं, आणि म्हणाली, "तुझ्याकडं मी जास्त दिवस जगेन, खरं आहे तुझं. पण बाळा, तिथं मी उठायचं कशासाठी?"

गिरीशनं आप्पांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याला अजूनही वाटत होतं की हे आम्ही तिला पढवलंय. संध्याकाळी निघताना त्यानं उशा तेवढ्या उतरवून ठेवल्या, दुकानात बसताना पाठीला लावायला. आणि माळ्यावरचा शेंगाचटणीचा डबा आईनं त्याच्या गाडीत घातला. निदान कुणीतरी खा, म्हणाली.

मी दिवाळीनंतर लातूरला परतले. फोनवर आप्पा सांगायचे की इंदूनं आज कणीक मळली, आज देवळापर्यंत चालत गेली, आज दोन पोरींचे हात भरले आणि मग तासभर निजली. वाईट दिवसही सांगायचे. मध्ये एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं. पण डॉक्टरबाई स्वतः एकदा दुकानात येऊन हात भरून गेल्या, हे त्यांनी तीनदा सांगितलं. रेणू पुढच्या उन्हाळ्यात चालायला लागली तेव्हा आई फोनवर तिला पायांचा आवाज ऐकव म्हणायची. मी फोन फरशीजवळ धरायची.

त्यानंतरच्या मार्गशीर्षात आई गेली. भर दुपारी, पुढं दुकानातच, गिरीशच्या उशीला टेकून. समोर एक बाई बसली होती. तिचा हात भरून झाला होता, आणि आईनं खोक्याचं झाकण लावलं होतं. आप्पा ते झाकणाचं सगळ्यांना सांगत होते.

मी पोचले तेव्हा बायकांनी तिला न्हाऊ घातलं होतं, हिरवं लुगडं नेसवलं होतं. आई अहेव गेली होती. कुंकू झालं होतं, हात तेवढे राहिले होते. ते काम कासाराचं. आणि घरात कासारीण आता मी होते. मी आप्पांकडं बघितलं. ते उठले, मागं गेले, ज्वारीच्या कणगीत हात घातला आणि ते पुडकं घेऊन आले. सुतळीची गाठ मीच मारलेली होती.

"तिनं सांगून ठेवलं होतं," ते म्हणाले. "तेव्हाच. बरीच खराब झाली होती ना तेव्हा. म्हणाली, त्या दिवसापर्यंत एवढासा होईल हात. मागून कुणाची धावपळ नको."

मी कागद उलगडला. एका नवरीचं. तिला अजून वेळ आहे. शांतामावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी आईचा हात घेतला. अजून मऊ होता. अंगठा तळव्यात मुडपला, चवडीवर बोटं ठेवली आणि दोन-दोनची बांगडी सारली.

ती चवडीवर येऊन थांबली.

मी दाबलं. तिनं शिकवलं होतं तसं, दुखू न देता, बोटांच्या मुळाशी. बांगडी जाईना. फिरवून बघितली, दुसरी घेऊन बघितली. कुणी म्हणालं साबण लावा, कुणी तेल म्हणालं. मी आईच्या हाताकडं बघितलं. अंगठ्याच्या मुळाशी, जिथं त्या वर्षी नुसता खळगा होता, तिथं मांसाचा एक लहानसा उंचवटा आला होता. कणीक मळून मळून. हात धरून धरून.

"जात नाहीत, आप्पा," मी म्हणाले. "लहान होतात."

आप्पा वाकले, काटा वाचायचे तसे, गुडघ्यांवर हात ठेवून. चष्मा नाकावर ओढला. आईच्या चवडीवर अडकलेल्या त्या बांगडीकडं बघत राहिले. मग पुढं दुकानात गेले. फळीवरून खोका ओढल्याचा आवाज आला. परत आले ते सव्वादोनच्या घेऊन.

त्या गेल्या. जरा दाबावं लागलं.

शेवटची बांगडी मनगटात बसली तेव्हा आप्पा माझ्या शेजारी खाली बसले होते, आईला पाठ टेकवून नव्हे, या खेपेला तिच्याकडं तोंड करून. दोन-दोनचं पुडकं त्यांनी परत नीट गुंडाळलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की हसताहेत की रडताहेत ते आम्हा कुणालाच कळेना.

"बघ," ते तिला म्हणाले, "चुकलीस की नाही."